कमरेवरचा हात

आमच्या भागात माझ्या बाबाला तोंडावरून ओळखणारे कमी आणि कमरेवरच्या हातावरून ओळखणारे जास्त. दिवाळी सरली, लवकर येणारा हलका धान कापून झाला की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे एका दिवसाची जत्रा, आणि दंडारीशिवाय मंडईला काही अर्थ नाही. दंडार हे आमचं गावठी नाटक. गाणं, नाच, थट्टा, मधेच एखादी रडवणारी कथा, आणि बाईचा पार्ट पुरुषाने करायचा. दिघोरीकडच्या आमच्या पार्टीत तो पार्ट बाबाचा होता. एरवी वर्षभर तो तळ्यात डोंगा घालून जाळं टाकायचा आणि आई बाजारात मासे घेऊन बसायची.

लुगडं नेसून बाबा उभा राहिला की त्याचा डावा हात कमरेवर जायचा. नाचताना, सासूशी भांडताना, मेलेल्या लेकरासाठी रडतानासुद्धा तो हात तिथून हलत नसे. लोकांना ती त्याची लकब वाटायची. पोरं त्याची नक्कल करत फिरायची, बायका त्याचं नाव न घेता नुसता हात कमरेवर ठेवून दाखवायच्या आणि हसायच्या. मीसुद्धा आरशासमोर तशी उभी राहून पाहायची. आई म्हणायची, या वयातच कंबर दुखायला लागली का तुझी?

आणि याच बाबाने मला मात्र स्टेजवर पाऊल ठेवू दिलं नाही. मी लहान असताना एका मंडईत ढोलकीवाला हात मोकळा करत बसला होता. ते ऐकून माझे पाय काही थांबेनात, मी सरळ वर चढले आणि नाचायला लागले. समोर माणसं जमली, कोणीतरी शिटी मारली. बाबा अर्धा लुगड्यात, अर्धा धोतरात धावत आला आणि दंडाला धरून त्याने मला खाली ओढलं. कधी हात न उगारणारा माणूस, त्या दिवशी त्याने मला मारलं. गालापेक्षा त्याचा चेहरा माझ्या जास्त लक्षात राहिला, कारण तसा चेहरा मी त्याचा कधी पाहिलेला नव्हता.

पुढे मला कॉलेजसाठी भंडाऱ्याला पाठवायचं ठरलं तेव्हा त्याने आईसमोर एकच अट घातली.

"स्टेजवर दिसली तं कॉलेज बंद," तो म्हणाला. "अड्याळवाले थांबूनच आहेत."

अड्याळवाले म्हणजे मला मागणी घालून बसलेलं स्थळ. मुलाला मी एकदाच पाहिलं होतं आणि तेवढं मला पुरलं होतं. मी मान डोलावली, पेटी उचलली आणि मोटारीत बसले. पण आतून मी नुसती धुमसत होते. आपण गावोगाव लुगडं नेसून कंबर हलवायची आणि लेकीने पायरी चढली की घराण्याचं नाक कापलं जायचं, हा कुठला न्याय? हे सगळं मी मनात म्हणायची. तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती. बाबाला मी फार भीत असे.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या हिवाळ्यात विद्यापीठाचा नाट्य-नृत्य महोत्सव आमच्या कॉलेजात भरायचं ठरलं आणि आमच्या मराठीच्या सरांच्या अंगात आलं. त्यांनी मुलींची एकांकिका बसवायला घेतली. फक्त मुलींची, कारण मुलामुलींचं एकत्र नाटक म्हटलं असतं तर निम्म्या मुलींचे बाप दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या फाटकात उभे राहिले असते. नाटकात एक मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, होता, जाड मिशीचा, सगळ्या गावाला दटावणारा. माझा आवाज पहिल्यापासून भसाडा, त्यामुळे मालगुजार माझ्याकडे आला.

मी हिशेब केला तो असा. बाबा भंडाऱ्याला येतो कधी? कोर्टकचेरी असेल तर, आणि ती आमची नाही. तोंडावर मिशी, डोक्यावर फेटा, अंगात कोट. सख्ख्या आईने ओळखलं नसतं. मी हो म्हटलं, आणि पहिल्या तालमीत मोठ्याने पहिलं वाक्य बोलले तेव्हा मला इतकं बरं वाटलं की त्या रात्री मला झोपेतही ते वाक्य बोलावंसं वाटत होतं.

महोत्सव आठवड्यावर आला आणि एका तालमीनंतर सरांनी आम्हाला पाहुणे कलाकार कोण कोण येणार ते सांगितलं. दूरच्या शहरातून कथक करणाऱ्या एक बाई येणार होत्या, त्यांच्याबरोबर त्यांचे तबलजी. सगळ्या मुली हरखल्या. मग सर म्हणाले की पाहुणा दरवेळी बाहेरचाच का म्हणून आणायचा, आपल्या मातीतले कलावंत आपण कधी पाहणार, आणि असं बरंच काही. शेवटी म्हणाले, दिघोरीकडची एक दंडार पार्टी आहे, तिच्यातला बाईचा पार्ट करणारा माणूस फार नावाजलेला आहे म्हणतात, ती आपण बोलावली आहे.

माझ्या हातातली मालगुजाराची काठी खाली पडली. मुली हसल्या. मीही हसले, पण काठी उचलायचं विसरले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. सरांना सांगून पार्ट सोडावा असं रोज सकाळी ठरवायची आणि रोज संध्याकाळी तालमीला जाऊन उभी राहायची. इतक्या उशिरा दुसरी मुलगी तयार होणं शक्य नव्हतं, हे खरं होतं. पण त्याहून खरं हे होतं की मला तो पार्ट सोडायचा नव्हता. घरी पत्र टाकून बाबाला थांबवता येईल का, असाही एक वेडा विचार येऊन गेला. काय लिहिणार होते मी त्याला, येऊ नको म्हणून?

महोत्सवाच्या दिवशी सकाळीच मी वसतिगृहाच्या खिडकीतून पाहिलं. पार्टी मोटारीतून उतरली. बाबाच्या डोक्यावर पत्र्याची पेटी होती, धुतलेलं धोतर, नवी टोपी. तो मान वर करून मंडपाकडे पाहत उभा राहिला. एवढा मोठा मंडप त्याने कधी पाहिला नसेल. एरवी मी धावत जाऊन त्याच्या डोक्यावरची पेटी घेतली असती. त्या दिवशी मी खिडकीचा पडदा ओढला.

माझा बेत साधा होता. मुलींच्या खोलीत जाऊन बसायचं आणि नाटकाला बोलावतील तेव्हाच बाहेर पडायचं. तिथे पुरुष माणूस फिरकणार नव्हता. खोलीच्या दारावर वसतिगृहाच्या मॅडमचा पहारा होता आणि त्या पहाऱ्यातून चिमणीसुद्धा आत जात नसे. मी मिशी लावून घेतली, कोट चढवला आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पाठांतर करत बसले.

इथेच मी फसले. खरं तर मला आठवायला हवं होतं, मी त्याच घरची लेक. आमच्या पार्टीत रीत अशी की बाईचा पार्ट करणारा इतर गड्यांत बसून कधी तयार होत नाही. गावात तो कोणाच्या तरी घरी, घरच्या बायकांत जाऊन तयार होतो. लुगडं घरची बाई देते, कुंकू घरची बाई लावते, आणि मगच तो बाहेर पडतो. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पार्टीच्या म्होरक्याने सरांना ही रीत सांगितली असणार आणि सरांना ती फार आवडली असणार. त्यांनी मॅडमना सांगितलं, मॅडमनी पाहुण्याचा मान म्हणून होकार दिला. मुली परकर-पोलकी घालून तयार होत्या, राहिली होती ती फक्त नऊवारी लुगडी, आणि त्यांच्या निऱ्या एकीलाही जमत नव्हत्या. मॅडमनी स्वतःच दार उघडलं आणि म्हणाल्या, मुलींनो, पाहुणे आलेत, तेच तुम्हाला लुगडी नेसायला शिकवतील.

मी वळले नाही. पण खाकरण्यावरून मला कळलं.

बाबा एकेक मुलीला लुगडं नेसवत होता. तो फारसा बोलत नव्हता, असं धर, सैल सोड, पाय जवळ घे, एवढंच. मुली आधी लाजल्या, मग भराभर पुढे येऊ लागल्या. भिंतीवर एक खिळा होता, मी त्याच्याकडे पाहून पाठांतर करत होते आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"ते कोपऱ्यातलं?" बाबाने विचारलं.

मॅडम हसून म्हणाल्या, ती मालगुजार आहे, तिला लुगडं नको. आणि मला म्हणाल्या, अगं, पाहुण्यांना नमस्कार तरी कर.

मला वळावंच लागलं. मी मान खाली घालून हात जोडले. बाबाचे पाय दिसत होते, टाचांच्या भेगांत तळ्याचा चिखल कायमचा बसलेला. ते पाय माझ्याजवळ आले. त्याने हात पुढे केला. मला वाटलं, आता दंड धरतो. त्याने अंगठ्याने माझ्या मिशीची डावी बाजू दाबली आणि घट्ट धरून ठेवली. त्याच्या बोटांना मासळीचा वास होता, साबणाने कधीच न जाणारा.

"सुटून राहिली होती," तो म्हणाला, आणि आपली पेटी उघडायला गेला.

त्याने ओळखलं की नाही? एवढा एकच प्रश्न घेऊन मी स्टेजवर गेले. पडद्याच्या फटीतून विंगेत पाहिलं तर तो लुगडं नेसून, कुंकू लावून उभा, नजर माझ्यावर. पहिलं वाक्य कसं निघालं मला माहीत नाही, पण निघालं, आणि त्या भसाड्या आवाजाला समोरून दाद आली. मग मी मालगुजारच झाले. सुनेचा पार्ट करणारी मुलगी आली की मागची पोरं शिट्या मारत होती, घाणेरडं काहीतरी ओरडत होती. ती बिचारी वाक्यं गिळत होती. मला कोणी शिटी मारली नाही. मिशीवाल्याला कोण मारणार?

नाटक संपलं. आता पळावं म्हणते तोच सरांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि एकेका मुलीचं नाव पुकारायला सुरुवात केली. मिशीने तोंड लपलं होतं, नावाचं काय करायचं याचा मी विचारच केला नव्हता. माझं नाव त्यांनी गावासकट घेतलं, वर अभिमानाने सांगितलं की ही आपल्याच झाडीपट्टीची लेक. मी विंगेकडे पाहिलं नाही. माझं कॉलेज त्या क्षणी संपलं असं मी धरून चालले आणि शेजारच्या मुलीबरोबर वाकून नमस्कार केला.

त्यानंतर कथकवाल्या बाईंचा नाच झाला. काय नाच होता! पण मागच्या पोरांना कसलं कौतुक? बाईंनी एक गिरकी घेतली की शिट्या, दुसरी घेतली की शेंगांची टरफलं. बाई एकदा थांबल्या, तबलजींकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू झाल्या. मी मंडपाच्या कनातीजवळून पाहत होते. समोरच्या विंगेत बाबा उभा होता. ना त्याचा खेळ सुरू, ना ढोलकी, तरी त्याचा डावा हात कमरेवर होता आणि मूठ घट्ट वळलेली होती. लकब अशी असते का, असं मला पहिल्यांदाच वाटून गेलं.

दुपारी दंडार झाली. बाबा नाचत नाचत पायऱ्या उतरून लोकांत गेला, गावात जातो तसा. पहिल्या रांगेच्या कडेला काही पोरं दाटीवाटीने उभी होती. एकाने त्याचा पदर धरला, दुसऱ्याचा हात मागून आला. बाबाचं तोंड हसत होतं, गाणं चालू होतं. कमरेवरचा हात एवढासा हलला. मागचा पोरगा हात झटकत कळवळून मागे सरला आणि लोक हसले. त्यांना वाटलं, तोही खेळाचाच भाग. मला ते काही समजलं नाही, पण माझं हसू कुठच्या कुठे गेलं.

ऊन उतरल्यावर पार्टीची माणसं चहाला गेली. बाबा मंडपामागे पेटीवर एकटा बसला होता, पुन्हा धोतरात, तोंडावर थोडा रंग उरलेला. जायचं तर जावंच लागणार होतं. मिशी काढलेल्या जागी माझ्या ओठावर आग होत होती.

"पाठीवरूनच वळखलं मी तुले," तो म्हणाला. "पाठ तं तुह्या आईची आहे."

मी विचारलं, मला आजच घरी नेणार का. धोतराच्या सोग्यातून त्याने एक वस्तू काढली आणि तळहातावर ठेवली. धानाची पोती शिवायचा दाभण होता, निम्मा मोडलेला, धरायच्या टोकाला गुंडाळलेली सुतळी हाताने गुळगुळीत झालेली.

मग त्याने सांगितलं, माझ्याकडे न पाहता, तळहाताकडे पाहत. त्याच्याआधी बाईचा पार्ट करणाऱ्या म्हाताऱ्याने पहिल्याच मंडईत हा त्याच्या कमरेला खोचून दिला होता. कशाला, ते त्याला त्याच दिवशी कळलं. गर्दीत उतरलं की हात येतात. स्टेजच्या मागे, अंधारात, माणसं वाट पाहत थांबतात. एका गावी त्याला ओढून धानाच्या बांधीत नेलं होतं, ढोलकीवाला धावून आला म्हणून सुटला. आईला यातलं काही माहीत नव्हतं. इतकी वर्षं लुगडं नेसताना त्याच्या छातीत धडधडत असे, आणि लोक म्हणायचे, काय झोकात हात ठेवतो.

"त्याईले मालूम रायते का हा बाप्या आहे, तरी हात येते," तो म्हणाला. "मी लुगडं सोडलं का बाप्या होऊन घरी येतो. तू काय सोडशील?"

लहानपणी मला स्टेजवरून ओढतानाचा त्याचा चेहरा आठवला. तो राग नव्हता. बाबा घाबरला होता, इतकंच होतं ते, आणि मला इतक्या वर्षांत ते दिसलं नव्हतं.

"मंग तू काहून नाही सोडलं?" मी विचारलं.

मोटारवाल्याने भोंगा वाजवला.

"आवडते मले," तो म्हणाला, चोरी पकडल्यासारखा.

"मलेही आवडते," मी म्हटलं.

त्याने दाभण माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्यावर मिटवली. हा विकत घ्यायचा नसतो, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात येतो, असं म्हाताऱ्याने त्याला सांगितलं होतं, तेच त्याने मला सांगितलं. कुठे ठेवायचा तेही दाखवलं, न पाहता हात पोचला पाहिजे. मग पेटी डोक्यावर घेऊन तो मोटारीकडे गेला. अड्याळवाल्यांचं नाव त्याने काढलं नाही आणि पुन्हा कधीच काढलं नाही.

माझं कॉलेज चालू राहिलं. पुढच्या वर्षी सरांनी मला बाईचा पार्ट दिला, मिशीविना. मागून पहिली शिटी आली आणि माझा डावा हात आपोआप कमरेवर गेला. नाटक पार पडलं, पण पडदा पडेपर्यंत तो हात दाभणावरून हलला नाही. त्याआधी मी बाबाला भीत असे. त्यानंतर मी बाबासारखी भिऊ लागले, आणि ही भीती दाभणाने जात नाही, फक्त मुठीत धरता येते.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी मंडईला गावी गेले. दुपारची दंडार होती, मी बायकांत बसले होते. माझ्या मनात आलं, बाबाने दुसरा दाभण घेतलाच असेल, घराघरात तर असतो. आईला हळूच विचारलं, पोती शिवायचा दाभण बाबा कुठे ठेवतो? ती म्हणाली, तो कायले ठेवते, एकच आहे घरात, तो आढ्याला खोचला आहे, मीच सकाळी खोचला.

बाबा गात गात गर्दीत उतरला. हात कमरेवर होता. पुढच्या माणसांतून एक हात आला आणि त्याने बाबाचा पदर धरून ओढला. बाबाचा हात हलला नाही. हलवण्यासारखं त्या मुठीत काही नव्हतं. तो हसतच राहिला, दुसऱ्या हाताने पदर सोडवायला लागला, आणि पदर काही सुटेना. माझ्या शेजारची बाई कौतुकाने म्हणाली, पाह्य, कसा हात ठेवते!

मी उठून उभी राहिले. दाभण माझ्या पिशवीत होता, पिशवी माझ्या हातात होती, आणि बाबा माझ्यापासून पुष्कळ लांब होता.